खाली किती दूर दिसते

“खोलीचं राहू द्या जी भाऊ. पानी कसं आहे, थे सांगा.”

असं म्हणताना मामा डाव्या कानावर तळहाताने दोनदा थापटायचे आणि मान तिरकी करायचे, कानात पाणी राहिल्यासारखं. बाहेर रणरणतं ऊन, अंगावरचे कपडे कोरडे ठणठणीत, तरी ती थापट चालूच. आरमोरीच्या बसस्टँडसमोर तुम्ही कधी गाडीची वाट पाहत उभे राहिला असाल, तर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेले मामा तुम्हीही पाहिले असतील. ठेंगणे, खांद्यावर दुपट्टा, आणि हाताची बोटं सदा काहीतरी चाचपणारी. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. घरीच, खाटेवर, चार दिवसांच्या तापात.

माझं तिथे ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, रेल्वेची तिकिटं. माझ्याकडे येणारा माणूस डोक्यावरची कटकट उतरवायला येतो आणि माझ्यावरच खेकसून जातो. अंदमानला कुठे उतरायचं आणि कुठल्या समुद्रात बुडी मारायची, हे ठरवायला येणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकच भेटलं.

मामा मासे धरणाऱ्या घरातले. पण त्यांना सगळे ओळखायचे ते वेगळ्या कामासाठी. आसपास कोणी बुडालं की गावचा पोलीस पाटील आधी मामांकडे माणूस धाडायचा. मामा काठावर सदरा काढून ठेवायचे आणि वैनगंगेच्या गढूळ पाण्यात उतरून शोधायचे. माणूस वर आणला की त्या घरच्यांचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. घरी जाऊन न्हायचे. त्या दिवशी त्यांच्या चुलीवर मासोळी शिजत नसे.

एकदा मी मूर्खासारखं विचारलं, “मामा, पाण्याखाली कसं दिसतं हो?”

“दिसते कुठी? मी त डोरे मिटूनच रायतो. उघडे ठेवा का मिटा, एकच. हातानं पायतो.”

म्हणजे बघा, चाळीस वर्षं पाण्याखाली जाणाऱ्या या माणसाने पाण्याखालचं काहीही पाहिलं नव्हतं.

एका दुपारी लाइट होती, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी कॉम्प्युटरवर समुद्रातल्या बुडीचा व्हिडिओ लावून बसलो होतो. मामा मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. पडद्यावर एक बाई पाठीला नळकांडं बांधून पोहत होती, आणि तिच्या पलीकडे बऱ्याच अंतरावर दुसरा माणूस स्पष्ट दिसत होता.

“हे पानीच आहे का जी? का काचेच्या मांगून काढलं?”

“पाणीच आहे. अंदमानचं.”

मामांनी खुर्ची ओढली. तो व्हिडिओ त्यांनी मला पाच वेळा लावायला लावला.

आठवडाभराने आले ते ठरवूनच. मुलगी नागपूरला नर्स होती, ती म्हणाली बाबा, जाऊन या, मी पाठवते. झालं. तिथून पुढे दीड महिना मी आणि मामा बेटं निवडत बसलो. मी हौसेने खोल्या दाखवायचो. ही एसी, ही समुद्राकडे तोंड असलेली, हिच्यात नाश्ता फुकट. मामा मान हलवायचे. एका हॉटेलात पोहायचा तलाव होता, तो पाहून तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“समुद्राच्या काठी टाकं बांधलं! काऊन जी?”

फोटोतल्या निळ्या पाण्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता; तो निळा रंग आभाळाचा, असं त्यांचं म्हणणं. “निरं त वरून दिसते. आभाराचं असते थे. आतून इचारा.” मग मी सगळ्या हॉटेलांना निरोप पाठवले की, तुमच्याकडे पाण्याखाली किती दूर दिसतं? सगळ्यांनी खोल्यांचे दर पाठवले. नील बेटावरच्या एका बाईने मात्र नीट लिहिलं. तिच्या चार झोपड्या होत्या. तिने कळवलं, पावसाळ्यात येऊ नका, फेब्रुवारीत या, सकाळी लवकर उतरा, वारा सुटला की पाणी ढवळतं. मी वाचून दाखवलं तसे मामा ताठ बसले.

“हे बाई पान्यातली आहे. हिच्याच घरी राहू.”

त्याच दिवशी मी विचारलं, “मामा, एवढं काय पाहायचंय तुम्हाला?”

ते टेबलाची कड चाचपत राहिले. मग त्यांनी धाकट्या भावाचं सांगितलं. दोघं तलावात जाळं टाकत होते. भावाचा पाय जाळ्यात गुंतला आणि तो खाली गेला. मामांनी लगेच बुडी मारली. मारतच राहिले. संध्याकाळी पाणी शांत झाल्यावर भाऊ सापडला, जिथे ते बुड्या मारत होते तिथेच.

“मायापासून हातभरावर होता जी. मी इकडं चाचपून राह्यलो, थो तिकडं. तवा जिता होता. दिसला असता त काढलो असतो का नाई, येवढंच पाहाचं आहे मले. साफ पान्यात मानूस किती दुरून दिसते, थे एकडाव डोऱ्यानं पायतो.”

त्यानंतर मी खोल्यांचं कौतुक बंद केलं.

बुडी शिकवणाऱ्यांचा फॉर्म आला. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचा त्रास आहे का. आमच्या धंद्यात एक शिस्त असते. फॉर्मवर ‘हो’ म्हटलं की कागद वाढतात. मी मामांना न विचारता खालपर्यंत ‘नाही, नाही, नाही’ करत गेलो आणि पाठवून दिला. तिकिटं झाली. मामांनी नवा सदरा शिवला.

निघायच्या आधी तिथल्या शिकवणाऱ्या पोराचा व्हिडिओ कॉल आला. मामांचं वय साठीला टेकलेलं, म्हणून त्याला चार प्रश्न विचारायचे होते. पोरगा हसरा, बोलणं गोड. म्हणाला, “अंकल, कान में कभी कोई तकलीफ?”

मी टेबलाखालून मामांच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला.

“दोनो फुटे है,” मामा म्हणाले. “बचपन से. नीचे जाते तो दुखता है, मंग दुखने देते.”

पोराचा चेहराच उतरला. फुटक्या कानांनी खाली नेता येत नाही, त्याने चारचारदा माफी मागितली. मी हिंदीत, मराठीत, हात जोडून, सगळं करून पाहिलं. तो म्हणाला, सर, मला परवानगीच नाही. फोन बंद झाला आणि मी मामांवर भडकलो.

“अहो, नाही म्हणायचं होतं! एक शब्द! कोण येणार होतं कानात डोकावायला?”

मामा शांतपणे म्हणाले, “भाऊ, थो पोरगा माया हात धरून खाली नेनार. मले काई झालं त मले शोधाले त्यालेच जा लागन. आन आयुष्यभर थोच म्हनन, माया हातून गेला. मी कसा त्याले लबाड बोलू?”

मला एवढा राग आला होता आणि तो ठेवायला जागाच नव्हती. गडचिरोलीला नेऊन कानाच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानेही तेच सांगितलं, वर नदीतसुद्धा उतरू नका म्हणाला. मुलगी म्हणाली, बाबा, नुसते फिरून तरी या. मामा म्हणाले, काठावर बसाले आपली नदी का वाईट आहे.

आणि मग त्यांनी मला धरलं. “तुमी जा. पाहून या. मले सांगा.”

विमानाच्या तिकिटावर नाव बदलत नाही, हे मीच लोकांना सांगत असतो. मी माझं वेगळं तिकीट काढलं. मला पोहता येत नाही. टाक्यातल्या पाण्यालाही मी भितो. पण माझे कान धडधाकट, म्हणून मी चाललो. त्या चार झोपड्यांपैकी मामांच्या झोपडीत राहिलो आणि सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत, त्या पोराचा हात धरून खाली गेलो.

काय सांगू तुम्हाला. सगळं दिसत होतं. माझ्या पायाची नखं दिसत होती. दूरवर दुसरा एक माणूस चालला होता, त्याच्या पायात पोहण्यासाठी घातलेले पिवळे रबरी पंख दिसत होते, त्याने मागे वळून पाहिलं तेही दिसलं. लोक म्हणतात आनंद होतो. मला लाज वाटली. दुसऱ्याच्या ताटावर बसल्यासारखं झालं.

परत आलो तर मामा पायरीवर हजर. मी मासे सांगितले, प्रवाळ सांगितलं, झोपडीवाल्या बाईचा नमस्कार सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मानूस किती दुरून दिसते?”

थोडं कमी करून सांगावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण फॉर्मवरचे ते सगळे ‘नाही’ मला अजून टोचत होते. म्हटलं, “बऱ्याच दुरून, मामा.”

मामा उठले आणि पायरीवरून माझ्याकडे तोंड करून मागे मागे सरकू लागले. पाच पावलांवर थांबले. “इथवर?”

मी हाताने खूण केली, आणखी मागे.

ते नालीपर्यंत गेले. आणखी मागे. रस्त्यावर आले. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडचा एक ट्रक हॉर्न मारत गेला, तो जाईपर्यंत थांबले आणि रस्ता ओलांडून बसस्टँडच्या फाटकाशी पोहोचले. तिथून ओरडले, “इथवर?”

मी हात वर केला. हो, तिथवर.

मामा माझ्याकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात समोर लांब केला, नुसता कोपरापासून बोटांपर्यंत पाहिला, आणि फाटकाजवळ धुळीत मटकन बसले. मी धावत गेलो. म्हटलं, मामा, उठा, लोक पाहून राहिलेत.

“येवढा दूर कुठी होता जी थो,” मामा म्हणाले. “येवढाच त होता.”

त्यांचा हात अजून पुढेच होता. तो खाली कसा घ्यायला लावावा, मला कळेना, म्हणून मीही त्यांच्याशेजारी धुळीत बसलो.