सहा पोरांची शाळा

वस्तीत त्यांना सगळे घंटाबाई म्हणत. शाळेची घंटा त्या इतक्या वेळेवर द्यायच्या, की कोंबडेसुद्धा बाईंना विचारून आरवतात, असं लोक हसत सांगायचे. मिशनच्या या शाळेत शिकून शहाण्या झालेल्या वस्तीतल्या त्या पहिल्याच. पुढे तिथंच शिक्षिका झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या, आणि लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. डोंगरमाथ्यावर पत्र्याच्या दोन खोल्या, भिंतीवर लाकडी क्रूस, खिडक्यांना काचेऐवजी पुठ्ठे. पण एके काळी तिथं साठ पोरं घसा ताणून पाढे म्हणायची.

आता सहा उरली होती.

कारण सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, फक्त बाईंसमोर कुणी बोलत नव्हतं. बाईंच्या धाकट्या भावाची थोरली मुलगी भलतीच हुशार. हिला पुढे शिकवायचंच, असं बाईंनी मनावर घेतलं. भाऊ तयार नव्हता. भावजय रडून रडून अर्धी झाली. बाईंनी महिनाभर त्यांच्या दारात ठाण मांडलं आणि अखेर पोरीला दोन दिवसांच्या वाटेवरच्या शहरात, मिशनच्या वसतिगृहात नेऊन सोडलं. तिसऱ्या महिन्यात पोरगी तापानं फणफणली आणि गेली. निरोप वस्तीत पोचला तेव्हा तिला माती देऊन पाच दिवस झाले होते. आईबापाला तिचं तोंडही दिसलं नाही. बाई भावाकडे गेल्या, प्रार्थना केली आणि म्हणाल्या, प्रभूची इच्छा. त्या दिवसापासून भावानं बोलणं टाकलं. मग एकेका घरातली पोरं शाळेत येईनाशी झाली. भांडण नाही की तंटा नाही.

दोन वर्षं अशीच गेली आणि मिशनचं पत्र आलं. चर्चचे पाळकसाहेब सोमवारी तपासणीला येणार. पटावर पंचवीस मुलं नसतील तर शाळा बंद.  पाच दिवस त्यांनी दारोदार उंबरे झिजवले. एकीनं पोरगा मामाकडे गेल्याचं सांगितलं, आणि पोरगा तिच्याच पाठीमागून डोकावत होता. एका म्हातारीनं बसायला दिलं, पाणी दिलं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. शाळेचं नाव निघालं की तिला नेमकं ऐकू येईना.

रविवारी दुपारी बाई भावाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भाऊ कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. भावजय उंबऱ्यात, तिच्या आडोशाला धाकटी मुलगी. बाईंनी वाटेत घोकलेलं सगळं बोलून टाकलं. शाळा गेली तर पोरांचं कसं होणार, तू पाठवलीस तर बाकीचेही पाठवतील. भावानं मान वर केली नाही. दांडा ठोकता ठोकताच म्हणाला,

“देवाची इच्छा म्हणालीस तू, ताई. आम्ही नको म्हणत होतो, ते देवाला ऐकू आलं नाही का?”

अशा प्रश्नांची उत्तरं बाईंना तोंडपाठ होती. आज ती त्यांनी बाजूला ठेवली. त्या अंगणात मातीतच बसल्या.

“देवाचं नाव मी पुढं केलं,” त्या म्हणाल्या. “नेलं मी. आणि ती आजारी असल्याचं पत्र मला आलं होतं. साधा ताप असेल म्हणून तुम्हाला सांगितलं नाही.”

हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ उठला, कुऱ्हाड तिथंच टाकून रानाच्या वाटेला लागला. भावजयीनं मुलीला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. बाई उन्हं उतरेपर्यंत त्या बंद दारापुढं बसून होत्या.

सोमवारी पाळकसाहेबांनी सहा डोकी मोजली. बाईंना त्यांनी शहरात वसतिगृह सांभाळायला बोलावलं. बाई म्हणाल्या, तेवढं सांगू नका. चार माणसांनी बाकं उतारावरून वाहून नेली. रिकाम्या शाळेच्या मागच्या खोलीत बाई एकट्या राहू लागल्या. विहिरीवर त्या गेल्या की बायका घागर अर्धी भरूनच निघून जात.

तिसऱ्या आठवड्यात भावजय आली. खोलीत पाऊल न टाकता म्हणाली,

“ताई, तिला कुठं ठेवलंय ते मला दाखवा.”

दोघी दोन दिवस चालल्या.  वाटेत भाकरीसुद्धा एकमेकींना पाठमोऱ्या बसून खाल्ली. खरं तर बाईंनीही ती जागा कधी पाहिली नव्हती. दफनभूमीच्या राखणदारानं बोट दाखवलं तेव्हा कळलं. नाव नाही, दगड नाही, नुसता गवताचा उंचवटा. भावजय त्यावर पालथी पडली. बाईंना तिनं जवळ बोलावलं नाही, आणि बाईंचीही पुढं जायची छाती झाली नाही. फाटकापाशी उभं राहून त्यांनी प्रार्थना करून पाहिली, पण पहिल्या दोन शब्दांपुढं काही सुचेना.

परतताना वाटेतल्या नदीला ओढ होती. भावजयीनं बाईंचा हात धरून त्यांना पार केलं आणि काठावर पोचताच सोडला.

शाळा पुन्हा उघडली नाही. भाऊ अजून बोलत नाही. थंडीत भावजय कधीमधी सरपणाची मोळी बाईंच्या दाराशी टाकून जाते. बाई बाहेर येईपर्यंत ती उतारावर दिसेनाशी झालेली असते.