तीन बिंदूंवर बसवलेला नकाशा

जोशी सरांनी हातातलं जीपीएस माझ्या टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, शनिवारी यात मी नाळेच्या तळाशी उभा होतो. प्रत्यक्षात होतो कड्याच्या टोकावर. दोन पावलं पुढे गेलो असतो, तर तुमचा नकाशा बरोबर ठरला असता."

हडपसरला आमचं सर्व्हे आणि मॅपिंगचं छोटं ऑफिस आहे. जोशी सर बँकेतून रिटायर झालेले, दर महिन्याला वीस-बावीस जणांना डोंगरात नेतात. मोबाइलवर त्यांचा भरवसा नाही, दरीत रेंज नसते. त्यांच्याकडे जुन्या टोपोशीटचा एक तुकडा होता. टोपोशीट म्हणजे चढउतार, कडे, ओढे, वाटा दाखवणारा सरकारी नकाशा. तो स्कॅन करून त्यांच्या चार जीपीएसमध्ये टाकायचा, एवढंच काम. पुढच्या रविवारी ते ग्रुपला नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, उतरवणार होते. दिवस धुक्याचे. समोरचं दिसेनासं झालं की माणूस स्क्रीनवरच विसंबतो, आणि त्या स्क्रीनवरचा नकाशा मी बसवलेला होता.

कागदावरचा नकाशा जमिनीवर नेमका कुठे बसतो, हे जीपीएसला आपण सांगावं लागतं. त्यासाठी नकाशाच्या कडेला अक्षांश-रेखांश छापलेले असतात. सरांनी लॅमिनेशनला देताना त्या कडाच कापल्या होत्या. "साइझमध्ये बसत नव्हतं," असं त्यांनी शांतपणे सांगितलं होतं. मग मी नकाशातल्या तीन ओळखीच्या जागा सॅटेलाइट फोटोत शोधल्या: गडाचा बुरूज, घाटातला फाटा आणि धरणाकाठच्या गावातलं भैरवनाथाचं देऊळ. नकाशा धरणाच्या आधीचा होता, पण नकाशात गाव होतं, देऊळ होतं, आणि फोटोतही त्याच नावाचं गाव आणि देऊळ होतं. तीनही जागा जुळवल्या. सॉफ्टवेअरने चूक दाखवली शून्य. मी खूश.

आता पुन्हा सगळं तपासलं. फाइल परत टाकली. चारही जीपीएस एकच सांगत होती. आमचे बॉस शेख सर मागे उभं राहून बघत होते. त्यांनाही काही सापडेना. शेवटी म्हणाले, "इथे बसून कडा मिळायचा नाही. जाऊन या."

दुसऱ्या दिवशी जोशी सरांच्या गाडीतून गेलो. घाटातल्या फाट्यावर उभी राहिले, स्क्रीनवरचा बाण बरोबर फाट्यावर. गडावर चढलो, बाण बरोबर बुरुजावर. कड्याकडे गेलो, तर बाण उतरला नाळेत. तिथून खाली गावात गेलो, आणि देवळापाशी बाण पुन्हा अगदी देवळावर. माझं डोकं चालेना. तीन ठिकाणी खरं सांगणारा नकाशा मधेच खोटं का सांगतो?

देवळाच्या ओट्यावर गुरवीणबाई झाडत होत्या. काय मोजताय म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "धरणाआधीचा सरकारी नकाशा आहे, मावशी. यात तुमचं हे देऊळ आहे."

"मग ते ह्ये न्हाय," त्या झाडू न थांबवता म्हणाल्या. "धरण झालं तवा गाव वर आलं. देव बी आमच्यासंगं वर आणला. जुनं देऊळ तिकडं पान्यात हाय." आणि त्यांनी झाडूनेच धरणाकडे दाखवलं.

मी ओट्यावर बसलेच. नकाशातलं देऊळ खाली पाण्यात, आणि मी त्याला वरच्या देवळावर नेऊन ठोकलं होतं. त्याबरोबर अख्खा नकाशा त्या बाजूला ताणला गेला, कडा आणि नाळ सगळंच सरकलं. आणि चूक शून्य कशी आली? तीन बिंदूंवर नकाशा कसाही ताणून बसतोच. कोण खोटं आहे हे सांगायला चौथा लागतो. तो मी घेतलाच नव्हता. पंधरा वर्षं हे काम करते, आणि नवख्यासारखी फसले. बावीस माणसं माझ्या भरवशावर धुक्यात उतरणार होती. सरांना तिथेच सांगितलं, चूक माझी आहे.

"बरं झालं, चूक तरी सापडली," ते म्हणाले.

ऑफिसात येऊन देऊळ काढलं. त्याच्या जागी एक खिंड आणि एक सुळका घेतला. या वेळी चूक शून्य आली नाही, काही मीटर आली. ती बघून हायसं वाटलं.

रविवारी दिवसभर घरात माझं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"धुकं होतं. तुमच्या नकाशात कडा जवळ दिसला, म्हणून सगळ्यांना जागीच बसवलं. धुकं उठलं तर वीस पावलांवर कडा. नाळ डावीकडे होती, नकाशात होती तिथेच. बावीस गेलो, बावीस आलो. काम ठीक आहे."

पुण्यात याहून मोठी शाबासकी मिळत नाही. त्यानंतर मी कधी चारपेक्षा कमी बिंदू घेतले नाहीत. आणि त्यात देऊळ घेत नाही. बुरूज, खिंड, सुळका जागेवर राहतात. देव माणसांबरोबर जातो.