पायऱ्यांना इथे मार्क नाहीत!

शाळा सोडून वीस वर्षांनी प्रवेश परीक्षेचं गणित घेऊन बसलेल्यांनो, ज्या नीटनेटकेपणासाठी शाळेने आपली पाठ थोपटली, तोच आज आपल्याला बुडवतोय!

आज नाशिकच्या क्लासमध्ये एमबीएची सराव परीक्षा दिली. उजवीकडे कच्च्या कामाचा समास आखला, 'मुलाचे वय एक्स मानू' असं लिहून एकेक पायरी मांडली. वेळ संपली तेव्हा वीसपैकी सहाच प्रश्न झाले होते. सहाही बरोबर!

सर म्हणाले, "ताई, तुमच्या पायऱ्या इथे कोण बघणार? उत्तराचे दिलेले पर्याय गणितात घालून बघा, जुळला की पुढे पळा."

शेजारची पोरगी हसली, "मावशी, हा कागद फ्रेम करा!"

एमबीएशिवाय माझी बढती अडलीय आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. विचार करणाऱ्यालाच मागे टाकणारी ही कसली परीक्षा? चीड येते! पण चिडून जागा मिळत नाही. उद्या सकाळी घड्याळ लावा आणि एक अख्खी सराव परीक्षा वेळेत संपवा.