राजा कशानं गेला?

बाबांची दाढ सुजली तेव्हा गणपती चार दिवसांवर आले होते. गाल असा फुगला की त्या बाजूनं ते ओळखू यायचे नाहीत. अंगात ताप, जबड्याखाली गाठ. मी तेव्हा इंदूरला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि अशी गाठ म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण आमचे बाबा! जन्म संस्थानच्या नोकरीत गेलेला. संस्थान गेलं, मध्य प्रदेश आला, यांचा हुकूम तेवढा जागच्या जागी.

"दाढेनं कुणी मरतं का?" म्हणायचे आणि लवंग दाबून बसायचे.

"अहो बाबा, पण काढून घ्या ना."

"गणपतीत तोंडातून रक्त? मग पूजा कोण करणार?"

"बरं, विसर्जनानंतर."

"पितृपक्षात कुणी शुभ काम करतं का?"

"दाढ काढणं हे शुभ काम आहे?" मी किंचाळले. आईनं मलाच गप्प केलं.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत एका संध्याकाळी माझं व्याख्यान होतं, चंद्रावर. मी रागारागानं विषयच बदलला. इजिप्तच्या ममी! कॉलेजातून स्लाइड दाखवायचं मशीन मागून आणलं, चादर ताणली, आणि पहिलीच स्लाइड टाकली. पट्ट्यांत गुंडाळलेला वाळका राजा.

"अगंबाई! आरतीच्या आधी बाप्पासमोर मढं!" पुढच्या रांगेतल्या एक काकू ताडकन उठल्या.

झालं. सगळा मंडप उठला. विटाळ झाला का? आंघोळी करायच्या का? मोदकांचं काय? मंडळाचे अध्यक्ष घाम पुसत इंदुरी थाटात बाबांना म्हणाले, "काय भिया, हे तर लफडंच झालं." अशा वेळी निकाल द्यायचा तो बाबांनी. ते समोरच बसले होते, हनुवटीपासून डोक्यापर्यंत मफलर करकचून बांधून. मुलं एकदा चादरीवरच्या राजाकडे बघत, एकदा बाबांकडे, आणि खिदळत.

बाबा उभे राहिले. "किती वर्षं झाली जाऊन?"

"तीन हजारांच्या वर."

"मग सुतक कधीच फिटलं. बसा सगळे."

बसले सगळे, पण आता कुणाला राहवेना. आपल्याकडे कुणी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. त्याच काकूंनी हळहळून विचारला, "कशानं गेले हो?"

मी एक्स-रेची स्लाइड लावली. म्हटलं, पट्ट्या न सोडताही शास्त्रज्ञांना आतलं दिसतं. कुणाच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या सापडतात ("घी जास्त झालं असेल, घीत बुडवलेले बाफले खात असतील!" मागून कुणीतरी ओरडलं), तर पुष्कळांचे दात पार झिजलेले. भाकरीत जात्याची कच आणि वाळू जायची. मग दाढेच्या मुळाशी पू. "हे बघा, या राजाच्या जबड्याच्या हाडाला भोक पडलंय. तो पू रक्तात गेला असेल. खात्रीनं सांगता येत नाही, पण बहुधा त्यातच गेले."

"राजा असून दाढेनं?" काकूंनी कपाळावर हात मारला.

बाबांनी मफलर थोडा सैल केला. "वैद्य नव्हता त्याच्याकडे?"

"असेल की."

"मग दाखवायला गेला का नाही?"

"सणवार असेल काही!" मी फाडकन बोलले. "घरात मुलगी असेल, बाबा. घसा फोडून सांगत असेल." आणि भर मंडपात, मशीनला धरून, मी रडले. फार लाज वाटली.

आरती झाली. मोदक बाबांना चाववलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पूजा उरकून, कोट चढवून दारात उभे. "चल." दाढ काढल्यावर दातांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटीजी, अजून चार दिवस थांबले असते तर अवघड होतं." घरी येताना बाबा तोंडात कापूस धरून पुटपुटले, "संध्याकाळची आरती तू कर."

ती दाढ त्यांनी तपकिरीच्या डबीत ठेवली. वर कागद चिकटवला, ऑफिसातल्या ठळक अक्षरात: 'हिच्यानं गेलो नाही.'

पुढे खूप वर्षं जगले. गेले तेव्हा त्याच काकू, आता पार वाकलेल्या, दारात येऊन म्हणाल्या, "कशानं गेले गं?"

"म्हातारपणानं," मी म्हटलं. मग डबी काढून त्यांच्या हातात दिली.