कडेला उभा असलेला गोली

दुपारची जेवणं झाली आहेत. सून भांडी आवरते आहे आणि मी मधल्या खोलीत चटईवर आडवी झाले आहे. पंखा फिरतो तसा कॅलेंडरचा कागद भिंतीवर आपटतो. डोळे जड आहेत, पण झोप लागत नाही, कारण सकाळचा फोन अजून कानात आहे.

फोन प्रतापचा होता. माझ्या माहेरच्या नागझरी तालमीचा तो आता अध्यक्ष आहे. आमच्या कोल्हापुरात तालमी नुसत्या कुस्तीच्या नसतात. पेठेची तालीम असते आणि तालमीची फुटबॉलची टीम. नागझरीची इमारत नवी झाली आहे. पंचगंगा ढालीचा अंतिम सामना खेळलेल्या जुन्या टीमचा फोटो मोठा करून तिथल्या दर्शनी भिंतीवर लावायचा आहे. त्या फोटोत उजव्या कडेला माझा थोरला भाऊ हिंदुराव उभा आहे. टीमचा गोली. प्रताप म्हणाला, आत्या, फोटो लांबट आहे, चौकटीत बसत नाही. कडेचा एक माणूस कापला की बरोबर बसतोय. मी म्हटलं, मग डाव्या कडेचा काप. तो नको, म्हणाला. मी आणखी सांगितलं की बॉल दादाच्या काखेत आहे, त्याला कापलंस तर बॉलही जाईल. तर म्हणतो, बॉलचं काय एवढं, कॉम्प्युटरवर दुसरा चिकटवता येतो.

आज पाच वाजता तालमीत बैठक आहे. ती झाली की फोटो छापायला जाईल. मी जाणार आहे, हे ठरलेलं आहे. काय बोलणार, ते ठरलेलं नाही. तिथे पहिला प्रश्न येईल तो सगळी पेठ आजवर विचारत आली तोच: हिंदुरावनं तो गोल मुद्दाम खाल्ला का? आणि त्याचं उत्तर मला माहीत नाही. दादा होता तोवर मी कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे संशय घेणं, आणि त्याच्यावर संशय घेणारे गावात पुष्कळ होते.

पंखा हळू होतो. वीज गेली असावी. मी हात चटईच्या कडेवर ठेवते तर कड पांढरी आहे. बोटांना चुना लागतो. मैदानाची रेघ आहे ती.

रेघेच्या पलीकडे स्वयंपाकघराची चौकट उभी आहे, आणि चौकटीत दादा. गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या, अंगात तो बटणांचा जाड सदरा, पाय अनवाणी. दोन्ही हात वर करून तो चौकटीचा वरचा दांडा चाचपतो, सामना सुरू होण्याआधी चाचपायचा तसा. त्याला जाऊन वीस वर्षं होत आली, पण केस काळेभोर आहेत.

"काय जेवलीस?" तो विचारतो.

मी सांगते की मेथीची भाजी आणि भाकरी. तो मान हलवतो. सून मेथी नीट निवडत नाही, काड्या राहतात, असं म्हणतो. ते खरं आहे. ते त्याला कसं कळलं, हे मला विचारावंसं वाटत नाही.

"तुला कापायला निघालेत, दादा."

"कळलंय. बिनबॉलची टीम बघायला मजा येईल." तो हसतो. "कुठला चिकटवतील गं बॉल? आपला चामड्याचा होता, वादीनं बांधलेला. आत्ताचा ठिपक्याठिपक्यांचा चिकटवला तर मधे बसलेल्या तालमीच्या वस्तादांच्या पायाशी लेकराचं खेळणं ठेवल्यागत दिसंल."

मी उठून त्याच्याकडे जाते, आणि स्वयंपाकघरात शिरण्याऐवजी बायकांच्या पायऱ्यांवर जाऊन बसते. मैदान भरलेलं आहे. झाडांवर माणसं, भिंतीवर माणसं. माझं लग्न ठरलं त्या वर्षीचा हंगाम आहे हा. स्पर्धा बाद पद्धतीची. हरला तो त्याच संध्याकाळी हंगामातून गेला, पुढच्या वर्षापर्यंत त्याने ढालीकडे बघायचंही नाही. पहिल्या फेरीत नागझरीने कॉलेजच्या पोरांना घरी पाठवलं. दुसऱ्या फेरीत सांगलीहून आलेल्या टीमला. उपांत्य सामना दोनदा बरोबरीत सुटला आणि तिसऱ्यांदा खेळावा लागला. त्या सगळ्या हंगामात दादाने एकही गोल खाल्ला नव्हता. आई रोज संध्याकाळी त्याच्या तळहातांना तूप चोळायची आणि बाजूच्या आळीतल्या बायका ते बघायला यायच्या.

अंतिम सामना दगडोबा तालमीशी. माझं सासर ठरलेली पेठ ती. त्यांचा फॉरवर्ड सर्जेराव माझा होणारा नवरा. ढालीचा निकाल लागेपर्यंत दोन्ही घरांनी एकमेकांकडे पाऊल टाकायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज होता. साखरपुडा झालेला, पण साडीचा रंग विचारायलासुद्धा कुणी आलं नव्हतं. बायकांच्या पायऱ्यांवर माझ्या एका बाजूला माहेरच्या बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला सासरच्या, आणि माझी होणारी नणंद मला म्हणाली होती, वहिनी, टाळी वाजवायची वेळ आली तर एकाच हातानं वाजवा.

मी आता पायऱ्यांवरून बघते तर मैदानात कुणी पळत नाही. मधोमध सर्जेराव, म्हणजे आमचे हे, उताणे पडले आहेत. डोळे उघडे, आभाळाकडे. हेही आता हयात नाहीत. स्वप्नात येतात तेव्हा असेच काही न बोलता असतात.

"उठवू का त्यांना?" मी विचारते.

दादा माझ्या शेजारी पायरीवर बसलेला आहे. "पडू दे. त्याला बरं वाटतंय तिथं."

मग ते सगळं पुन्हा होतं, पण सावकाश, पाण्याखाली झाल्यासारखं. सर्जेराव बॉल घेऊन दादाच्या अंगावर येतात. दादा पुढे झेपावतो. दोघांची धडक बसते, बॉल उडून बाजूला जातो आणि सर्जेराव पाठीवर पडतात. शिट्टी वाजत नाही. बॉल लांब नाही, दोन ढांगा टाकल्या तर दादाच्या हातात येईल. पण दादा तिकडे जात नाही. तो वाकतो आणि सर्जेरावांना हात देतो. त्यांना ओढून उभं करतो, त्यांच्या पाठीवरची धूळ झटकतो. तेवढ्यात दगडोबाचा दुसरा पोरगा येऊन बॉल रिकाम्या गोलात ढकलतो, इतका हळू की बॉल रेघेवर थांबतो की काय असं वाटतं.

थांबत नाही.

त्या एका गोलाने ढाल गेली. पेठेत त्या रात्रीपासून एकच वाक्य फिरलं, की हिंदुरावनं बहिणीच्या हुंड्यात ढाल दिली. माझ्या लग्नात मांडवात कुणीतरी मुद्दाम विचारलं, रुखवतात ढाल कुठं मांडली आहे? दादा ऐकून न ऐकल्यासारखं करून पाहुण्यांना पाणी देत राहिला. लग्न झाल्यावर तो इचलकरंजीला मागावर कामाला गेला. भाऊबीजेला यायचा तो मागच्या बोळातून, तालमीवरून जायला नको म्हणून.

आता मागांचा आवाज येतो आहे. खटखट, खटखट. पायऱ्यांच्या जागी मागांच्या रांगा आहेत आणि दादा दोन रांगांमधून चालतो आहे. मी त्याच्या मागे. हवेत कापसाची तुसं. मी ओरडून विचारते, पण मागांपुढे काही ऐकू जात नाही. तो वळून कानामागे हात धरतो, मग हाताने खुणावतो की इथे नको, पुढे चल.

शेडच्या दाराबाहेर नागझरी तालीम आहे. नवी नव्हे, जुनी कौलारू. उंबऱ्यावर येऊन मी थांबते. आमच्याकडे तालमीच्या आत बाईमाणूस जात नाही. लहानपणी दादाचा डबा घेऊन मी इथवर यायचे आणि उंबऱ्यावर ठेवून परत फिरायचे.

"आत ये की," दादा म्हणतो.

"बायका येत नाहीत आत."

"मी तरी कुठं येत होतो एवढी वर्षं?"

त्याने हात पुढे केलेला आहे. मी उंबरा ओलांडते. आत लाल मातीचा हौदा आहे आणि माती नुकतीच फावड्याने उकरलेली आहे. दादा तिच्यात ताक ओततो, तेल ओततो, हळद टाकतो, वरून लिंबू पिळतो. मला म्हणतो, तुडव. मी साडी जरा वर खोचते आणि पाय मातीत घालते. गार आहे. लोण्यात पाय बुडवल्यासारखं वाटतं. मी तुडवत राहते आणि तो कडेला बसून ओल्या हातांनी ढेकळं फोडत राहतो. इथे मागांचा आवाज नाही. आता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारता येणार नाही, हे मला झोपेतसुद्धा कळतं.

"दादा, तो सर्जेराव आहे म्हणून हात दिलास का?"

तो ढेकूळ फोडायचं थांबतो.

"सर्जाच हाय, ते दिसलं होतं की. आंधळा होतो व्हय मी? पण हात गेला तवा तो सर्जा नव्हता. पाठीवर पडलेला माणूस होता. पाठ लागली की कुस्ती संपली. संपली की खालच्याला हात द्यायचा, उठवायचा, माती झटकायची. वस्तादांनी सहा वर्षांचा असल्यापासून तेवढंच शिकवलेलं. हातानं त्याचं काम केलं. मी फुटबॉल खेळतोय, हे हाताला कोण सांगणार?"

"शिट्टी वाजली नव्हती."

"आखाड्यात कुठं असते शिट्टी?"

मी तुडवायचं थांबते. इतकी साधी गोष्ट. आणि पेठेत एकालाही सुचली नाही, जिथे प्रत्येक घरातला एक माणूस ह्याच मातीत लोळून मोठा झाला.

"मग सांगितलं का नाहीस त्यांना? हुंडा हुंडा म्हणत होते तेव्हा?"

दादा मान खाली घालतो. कान लाल झाले आहेत त्याचे, आई रागवायची तेव्हा व्हायचे तसे.

"काय सांगू? भर अंतिम सामन्यात, हजारो माणसांपुढं, नागझरीचा गोली कुस्ती समजून बसला? पोरं पोट धरून हसली असती. गद्दार म्हटल्यावर माणूस मान वर करून निघून तरी जातो. येडा म्हटल्यावर कुठं जायचं?"

मला त्याचा राग येतो. माझ्या लग्नापासून सगळं आयुष्य तो मागच्या बोळातून आला, ते लोक हसतील म्हणून. आणि राग येतो तसाच जातोही, कारण तो मातीच्या कडेला बसलेला आहे आणि पंचवीस वर्षांचा आहे, आणि पंचवीस वर्षांच्या माणसाला लोकांच्या हसण्याचीच सगळ्यांत जास्त भीती असते.

"मी आज सांगणार आहे," मी म्हणते.

"हसतील गं."

"हसू देत."

"मला हसून झालं की तुला हसतील. म्हातारीला स्वप्न पडलं म्हणतील."

"स्वप्नाचं कशाला सांगू मी त्यांना? आखाड्याचा रिवाज त्यांचाच आहे. मी एवढंच विचारीन, की चीत झालेल्या गड्याला उठवायचं नाही, असं ह्या तालमीत कधीपासून ठरलं. पाठ लागलेल्याला हात न देणारा कोण आहे तुमच्यात, त्यानं पुढं यावं आणि माझ्या भावाला कापावं."

दादा माझ्याकडे बघतो. मग हात झटकून उठतो. उठता उठता, जणू आत्ताच आठवलं असं दाखवून म्हणतो, "सांगतेसच तर त्याच्याआधी तीन गोल अडवले तेपण सांग. एक तर वरच्या कोपऱ्यातला होता."

"सांगते."

"बोटाच्या टोकानं काढला होता."

"सांगते म्हटलं ना."

तो लिंबाची साल दाराबाहेर टाकायला जातो आणि दाराबाहेर आमच्या घरातलं कॅलेंडर भिंतीवर आपटतं आहे. पंखा जोरात फिरतो. मी चटईवर आहे. भांड्यांचा आवाज थांबला आहे आणि खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं आहे.

मी उठून बसते. साडी वर खोचलेली आहे. घोट्यापर्यंत पाय लाल आहेत. टाचांच्या भेगांमध्ये ओली माती भरली आहे, आणि तिला ताकाचा, तेलाचा आंबूस वास आहे.

सून दारात येते. माझ्या पायांकडे बघते, मग फरशीकडे. आई, कुठं गेला होता एवढ्यात, असं विचारत ती मोरीवरचं ओलं फडकं घेऊन येते आणि पुसायला खाली बसते.

मी पाय मागे घेते.

"राहू दे. पाच वाजायला आलेत, रिक्षा बोलव. आणि रिक्षावाल्याला सांग, तालमीच्या पार दारापर्यंत घे. मला आत जायचं आहे."