तिच्या तोंडी एकच नाव

लढाईच्या दिवसांत मी सांगलीकडच्या एका दवाखान्यात नर्स होते. वाचा गेलेल्या रोग्यांना घरी जाऊन बोलतं करायचं काम डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं होतं. त्यातलं एक घर शिराळ्याजवळच्या खेड्यात होतं, आणि त्या घराची मला धास्ती वाटायची.

घरात दोघीच, सासू आणि सून. मुलगा ब्रह्मदेशात लढाईवर. सून विषमज्वरातून उठली तेव्हा तिचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता, नवऱ्याचं नाव. तहान लागली की ती ते नाव घ्यायची, पाय दुखला तरी तेच, कोंबडी घरात शिरली तरी तेच. आणि बायकोनं उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं मानणारं ते घर.

"आवं बाई, हिला गप करा," सासू पहिल्याच दिवशी म्हणाली. "पोरगं तिकडं गोळ्यांम्होरं हुबं हाय आन् ही हितं त्याच्या जिवावर उठलीया."

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, जो शब्द येतो तो अडवायचा नाही, त्याच्या मागूनच दुसरे येतात. मी ते सासूला मोठ्या तोऱ्यात समजावलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असंही सांगून टाकलं. परतीच्या मोटारीत मात्र माझ्या लक्षात आलं, माझ्या नवऱ्याचं नाव मीही कधी सरळ घेतलं नव्हतं. मनातल्या मनात घेऊन पाहिलं, तर छातीत धडधडायला लागलं.

सुनेचा हात माझ्या गळ्यावर ठेवून मी 'पाणी' म्हणायची, गळा कसा थरथरतो ते तिला कळावं म्हणून. पुष्कळ खेपांनंतर तिच्या ओठांतून 'पा' निघालं. ती खुदकन हसली. मला हसू येईना. गावात तोवर एका घरी वाईट तार येऊन गेली होती. उद्या या दारात आली तर हिनंच नवऱ्याला खाल्लं म्हणतील आणि हिला जगू देणार नाहीत.

एका दुपारी तारवाला खरंच दारात उभा राहिला. सासूच्या हातातलं सूप खाली पडलं. सून घाबरली, आणि घाबरल्यावर ओरडायलाही तिच्याकडे तोच शब्द होता. ती तो ओरडत सुटली. सासूनं झडप घालून तिचं तोंड दाबलं.

"खाल्लंस! माज्या लेकाला खाल्लंस!"

मी तो हात ओढून सोडवला. कशीबशी तार घेऊन वाचली. मुलगा जखमी होता, पण जिवंत होता. पुण्याच्या मिलिटरी इस्पितळात होता.

ते ऐकून सासू मटकन खाली बसली. मग सुनेला पोटाशी धरून रडायला लागली. "बोल गं माजे बाय, आता काय बी बोल. त्याचं नाव घे."

सून बोलली नाही. पुढच्या खेपांना मी तिचा हात गळ्याशी नेला की ती तो काढून घ्यायची. 'पा'सुद्धा गेलं.

काही महिन्यांनी मुलगा कुबड्यांवर घरी आला, तेव्हा मी तिथंच होते. उंबऱ्यात उभं राहून त्यानं तिला हाक मारली. तिचा चेहरा उजळला, ओठ हलले. आणि तिनं आपला धड असलेला डावा हात उचलून स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.