देवीच्या तसबिरीमागचा कागद

लॉकडाऊनमध्ये ऑफिसचं काम घरून सुरू झालं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी मालाडच्या एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं बघायचो. तिथली कालची पोरं घरी ग्राफिक्स कार्डं लावून क्रिप्टोची नाणी काढत होती, आणि त्यांची मशीनं बिघडली की फोन मात्र मला. मी नुसतं शिकवायचं आणि त्यांनी कमवायचं, हे मला काही पचेना. जुनी-नवी मिळून सहा कार्डं आणली, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची मांडणी ठोकली आणि बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांतल्या आतल्या खोलीत, आईच्या पलंगाच्या पायथ्याशी, ती उभी केली.

कार्डं दिवसरात्र गणितं सोडवायची आणि त्या बदल्यात नाण्याचा एखादा बारीकसा तुकडा माझ्या नावावर जमा व्हायचा. आवाज एवढा की बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठा करावा लागे. आईने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गिरण चालू आसा, पीठ खयं रे?"

पीठ दाखवण्यासारखं नव्हतंच. मी तिला फोनवरचा आकडा दाखवला. तिने चष्मा लावून बघितला, "बरां" म्हणाली आणि भाजी निवडायला गेली. पुढे तिने त्या गरम वाऱ्याचा उपयोगही शोधून काढला. पावसाळ्यात दमट राहिलेले माझे शर्ट ती कार्डांसमोर खुर्चीवर पसरायची आणि तासाभरात घडी करून कपाटात ठेवायची. माझ्या धंद्यातला डोळ्यांना दिसणारा फायदा तेवढाच, असं बायको शेजारणींना सांगत असे.

हे सगळं मी हौसेखातर करत नव्हतो. आमची बिल्डिंग तीन मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही वरच्या मजल्यावर. आईचे गुडघे गेलेले. बाजारातून येताना ती प्रत्येक वळणावर थांबायची आणि जणू भिंतीवरची नोटीस वाचायला थांबली आहे असं दाखवायची. मला लिफ्टचं घर घ्यायचं होतं. पगारातून ते या जन्मी झालं नसतं. म्हणून मी एकही नाणं विकलं नाही. भाव वर गेला तरी नाही आणि कोसळला तरी नाही. बायको चिडायची, मी ऐकायचो नाही.

नाणी ठेवली होती पेनड्राइव्हएवढ्या एका वॉलेटमध्ये. त्याला पिन होता. पण वॉलेट हरवलं, बिघडलं, तर सगळा आधार चोवीस शब्दांचा. छत्री, लिंबू, सैनिक अशा अर्थाचे साधे इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमाने. ते ज्याच्याकडे, त्याचा पैसा. त्यांचा फोटो काढायचा नाही, कॉम्प्युटरवर लिहायचे नाहीत, कागदावर लिहायचे आणि कोणाला सांगायचं नाही. मी हा नियम इतका पाळला की बायकोलाही सांगितलं नाही.

कागद ठेवायचा कुठे? कपाटं बायको आवरते, माळा पावसाळ्यात गळतो. आईच्या पलंगावर भिंतीला गावच्या देवीची तसबीर होती. आई लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा लुगड्यात गुंडाळून, ट्रंकेत घालून तिने ती आणलेली. तिला आईशिवाय कोणी हात लावत नसे, आणि आईसुद्धा फक्त समोरून पुसायची. यापेक्षा सुरक्षित जागा मुंबईत नाही, असं मला वाटलं. आई दळण टाकायला गेली असताना मी तसबीर उतरवली, मागचे चार बारीक खिळे उचकटले, पुठ्ठ्यामागे कागद सारला आणि खिळे परत दाबले. शेवटचा खिळा दाबताना कट् असा आवाज आला. काचेच्या कोपऱ्यात केसाएवढा तडा गेला होता. एवढ्याशा तड्याने काय होतंय म्हणून मी तसबीर टांगली.

मग एक दिवस ते नाणं चालवणाऱ्यांनी ते काढायची पद्धतच बदलली आणि कार्डांचं काम उरलं नाही. मिळेल त्या भावाला मी ती गेम खेळणाऱ्या पोरांना विकून टाकली. घर गार झालं, आईला दुपारची झोप लागायला लागली. जमलेली नाणी मात्र वॉलेटमध्ये होती, आणि त्यांचा भाव हळूहळू चढत होता.

दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी बिल्डरच्या एजंटाचा फोन आला. लिंक रोडच्या मागे एक घर होतं, सातवा मजला, दोन लिफ्ट. नाणी विकायची वेळ झाली होती. वॉलेट काढलं आणि पिन घातला, चुकला. दुसरा घातला, तोही चुकला. तिसरा चुकला की वॉलेट स्वतःला पुसून कोरं करतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. शांतपणे बसून आठवलं असतं तर कदाचित आठवलाही असता. पण माझ्याकडे चोवीस शब्द होते ना! त्या गुर्मीत मी तिसरा पिन घातला. पडद्यावर नवं वॉलेट सुरू करण्याची सूचना आली. मी शीळ घालत आतल्या खोलीत गेलो.

तसबीर उतरवली, उलटी केली, आणि माझे हात थांबले. मागचा पुठ्ठा कोरा करकरीत होता. खिळे चकचकीत. उघडलं तर आत काहीच नव्हतं. देवी तीच होती, चौकट तेवढीच होती, पण तसबीर दुसरी होती. रोज सकाळी तिच्यासमोर हात जोडून मी कामाला जात होतो आणि एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात चटणीसाठी खोबरं खवत होती. तिने अगदी सहज सांगितलं. काचेला तडा गेला होता, तो वाढत वाढत देवीच्या तोंडावरून गेला. भंगलेली तसबीर घरात ठेवू नये. ती फ्रेमवाल्याकडे गेली होती, पण त्या कार्डांच्या उष्म्याने चित्र काचेला चिकटलं होतं, काढलं तर फाटेल, असं तो समोरूनच बघून म्हणाला. मग चुलतमामांकडून तिने गावाहून नवी मागवली. जुनी कचऱ्यात कशी टाकणार? अनंत चतुर्दशीला तिच्या नेहमीच्या कोळणीकडे विसर्जनासाठी दिली. कोळणीचा नवरा गोराईच्या खाडीत होडी घालतो.

आणि मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहायची मला लाज वाटते. तुला कोणी सांगितलं होतं, तुला काय कळतं, माझी वाट लावलीस, घर बुडवलंस. आईच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"पैशे हुते त्यात?" तिने विचारलं.

"घर होतं त्यात! तुझ्यासाठीचं घर!"

तिने वाटी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "माझ्या देवाच्या पाठसून कागद ठेवलंस, तर माका एक शब्द सांगूक नाय?"

बायको मध्ये पडली. "आईंवर कशाला ओरडतोस? पिन तू विसरलास, कागद तू लपवलास. त्यांनी जे कुठलीही बाई करते तेच केलं ना?" ती म्हणत होती ते शंभर टक्के खरं होतं, म्हणूनच मी दार आपटून बाहेर पडलो.

तासाभराने परत आलो तर आई घरात नव्हती. चप्पल नव्हती, काठी नव्हती. मी बाजाराकडे धावलो. मासळीच्या ओळीत ती कोळणीच्या पाटीसमोर उकिडवी बसली होती. ज्या गुडघ्यांनी तिला खुर्चीतून उठवत नाही, त्या गुडघ्यांवर. कोळीण तिला समजावत होती, "मधल्या खाडीन सोरली गो बाय, फुला वाहून, नारल फोरून. आता कशी गावंल?" आणि आई पुन्हा पुन्हा विचारत होती, भरती होती की ओहोटी, कांदळवनात कुठे अडकली असेल का, तुझा नवरा मला होडीतून नेईल का. मी तिला उठवलं. तिने माझा हात धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही. घरी येताना ती प्रत्येक मजल्यावर थांबली, आणि आता नोटीस वाचायचं नाटकही करत नव्हती.

मी माफी मागितली. त्याच दिवशी मागितली, नंतरही मागितली. चूक माझी होती, तडाही माझ्याच हातून गेला होता, हेही सांगितलं. "जाऊं दे रे, पैशाचां काय," ती म्हणाली. शब्द आठवायला मी आठवडेच्या आठवडे बसलो. चोवीसांतले सात आठवले, तेही क्रमाने नाहीत. मग सोडून दिलं. लिफ्टच्या घराचा विषय आमच्याकडे निघत नाही.

पैशाचं दुःख कमी झालं आहे, खोटं कशाला बोलू. दुसरं मात्र कमी होत नाही. पन्नास वर्षं या घरातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते माझी आई ठरवत आली. वडील गेल्यावर त्यांचे कपडे कोणाला द्यायचे, हेसुद्धा तिने कोणाला विचारलं नव्हतं. आता मी ऑफिसला निघालो की ती दाराशी येते. हातात जुनं वर्तमानपत्र असतं, रिकामा खोका असतो, औषधाचं संपलेलं पाकीट असतं. ते माझ्यापुढे धरते, दोन्ही बाजूंनी उलटून दाखवते आणि विचारते, "ह्यां टाकू काय रे?"